पाळण्यातल्या बाटल्या

राजापेठ, अमरावती
१५ एप्रिल १९६३

ती. आईंस सत्यवतीचा जयभीम.

शकुन, हे पत्र तू आईंना वाचून दाखवशील तेव्हा सबंध वाच. मधलं सगळं गाळून "वयनी बरी हाय, आठवन काढते" एवढंच सांगायची तुझी सवय मला माहीत आहे. लेकीच्या घरी राहायला गेलेल्या सासूला सुनेचं पत्र ऐकायला मिळालं पाहिजे, लेकीचं नव्हे.

आई, काल जयंती झाली. मिरवणूक आपल्या गल्लीवरून गेली. शेजारच्या गोदाबाईंनी त्यांच्या मळ्यातल्या शेवंतीचा हार करून दिला, म्हणाल्या, "जाईबाई राहिल्या असत्या तं त्याईनंच नेला असता." हार मी नेला. बायका विचारत होत्या तुम्ही कुठे आहात. मी सांगितलं, शकुनकडे गेल्या आहेत, हवापालटाला. चैत्रातल्या उन्हात बार्शीटाकळीला हवापालटाला कोण जातं, असं कोणी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

बाटल्यांबद्दल मी काहीच म्हणणार नाही. तुम्ही त्या मोरीत ओतल्या, वर बादलीभर पाणी ओतलं आणि पिशवी घेऊन स्टँडवर गेलात. मी कॉलेजातून आले तेव्हा विशू, एवढंसं लेकरू, गोदाबाईंच्या ओट्यावर फुलांच्या ढिगात बसून पाकळ्या खात होती. आणि ज्या वासापायी तुम्ही गेलात, तो वास मोरीतून खोलीभर येत होता. ओतल्याने तो गेला नाही, वाढला. एवढंच सांगायचं होतं. बाकी मी काही म्हणत नाही. फक्त हिवाळ्यापासूनचं काम त्या बाटल्यांत होतं, आणि आता ते राजापेठेच्या नालीत आहे.

त्या बाटल्यांतल्या यीस्टला तुम्ही "दारूचं बी" म्हणालात. तसं ते आहेच, मी खोटं कशाला बोलू? पण त्याच बियाने कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव फुगतो, जो तुम्ही रोज सकाळी चहात बुडवून खाता. तेव्हा तुमचा काही आक्षेप नव्हता.

छप्पन साली नागपूरला तुम्ही शपथ घेतलीत, मीही माझ्या आईवडिलांबरोबर तिथेच होते. दारू पिणार नाही, असं मीही म्हटलं आहे, आणि मोडलेलं नाही. मामाजींना मी पाहिलं नाही. माझं लग्न व्हायच्या आधीच ते गेले. पण दीक्षेआधी आपले वडील किती प्यायचे हे यांनी मला सांगितलं आहे. म्हणून त्या वासाने तुमचं डोकं फिरलं असेल, तर ते मला समजतं. पण मग मला तसं सांगायचं. मोरीला काय सांगता?

हे शनिवारी बाळापूरहून येतात, सोमवारी पहाटेच्या गाडीने तहसील कचेरीत परत जातात. विशूला दिवसा गोदाबाई बघतात. आम्ही मजेत आहोत.

तुमची सून,
सत्यवती

राजापेठ, अमरावती
६ मे १९६३

ती. आईंस जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. "पत्र पोचले. आई बरी आहे. इकडे ऊन फार." अक्षर शकुनचं आहे, आणि शब्दही तिचेच असावेत. उन्हाबद्दल तुम्ही कधी कुरकुर केल्याचं मला तरी आठवत नाही.

कार्डाच्या कडेला शकुनने बारीक अक्षरात विचारलं आहे की वयनी नेमकं मोजते तरी काय. विचारलंच आहे तर सांगते. आईंनीही ऐकावं, कान झाकून घेण्यासारखं त्यात काही नाही.

यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. आपली साखर त्यांना अख्खी खाता येत नाही, आधी फोडावी लागते. फोडायला ते एक एन्झाइम तयार करतात. एन्झाइम म्हणजे अडकित्ता समज. हा अडकित्ता कसा करायचा, ते त्यांच्या जीनमध्ये असतं, म्हणजे आईबापांकडून जन्मतःच मिळालेलं असतं. ते नाही असा एकही नसतो. पण तयार ग्लुकोज, ते डब्यातलं, विशूला ऊन लागलं की आपण देतो ते, पोटभर दिलं तर ही मंडळी अडकित्ते करतच नाहीत. आयतं मिळतंय तर कोण कशाला राबेल? ग्लुकोज अगदी थोडं ठेवलं की मग अडकित्ते निघतात. जीव तेच, जीन तोच. खाणं बदललं की वागणं बदलतं. किती बदलतं, ते मी मोजते.

जीन काही मला मोजता येत नाही. म्हणून अडकित्ते किती कामाला लागले ते मोजायचं. यीस्ट धुऊन साखरेच्या पाण्यात सोडायचं, ठरावीक वेळाने काढायचं, आणि त्या पाण्यात निळं औषध घालून उकळायचं. साखर फुटली नसेल तर ते निळंच राहतं. फुटली असेल तर विटेसारखा लाल गाळ येतो. लाल जितका जास्त, तितके अडकित्ते जास्त. झालं. एवढ्यासाठी मला रोज कॉलेजात जावं लागतं, आणि एवढ्यासाठी तुम्ही गाव सोडलंत.

आता अडचण ऐका. ज्यांच्या हाताखाली मी एम.एस्सी.चं हे काम करते ते वानखडे सर म्हणाले, वाढताना बाटली सारखी हलती राहिली पाहिजे, सगळ्या जिवांना सारखी हवा लागली पाहिजे. भरपूर ग्लुकोजची बाटली आणि थोड्या ग्लुकोजची बाटली, दोन्ही सारख्याच हलल्या पाहिजेत. एक हलवली आणि दुसरी नाही, तर फरक खाण्याने पडला की हवेने पडला, हे कोण सांगणार? सर बरोबर बोलतात, म्हणूनच त्यांचा राग येतो. हलवायचं यंत्र मुंबईच्या मोठ्या कॉलेजांत असतं. आमच्याकडे चपराशी आहे, आणि तो सुट्टीत पाचच्या आत कुलूप लावतो.

मी घरी आले. विशू फरशीवर ओल्या चादरीत पडली होती, या उन्हात तिला पाळण्यात झोप येत नाही. पाळणा रिकामाच लटकत होता. तुम्ही बाळापूरच्या सुताराकडून करून आणलेला, सागवानी, न करकरणारा. मी त्याच्याकडे बघत राहिले.

आई, पाळण्यासारखं यंत्र नाही. दोन्ही बाटल्या विशूच्या जुन्या दुपट्यांत गुंडाळून बांधल्या, तोंडाला कापसाचे बोळे लावले, बाहेरून ओलं गोणपाट टाकलं, नाहीतर या उन्हात यीस्ट शिजून जाईल. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि भाकरी थापायला बसले. तुम्हीच मला शिकवलं होतं, अंगठ्याला दोरी बांधून दोन्ही हात मोकळे ठेवायचं. भाकऱ्याही झाल्या आणि बाटल्याही हलल्या. फक्त पीठ मळताना मी थांबते, की पाळणा थांबतो. भाजी आणायला गेले, की पाळणा थांबतो. विशू रडली, की थांबतो. अंगठा एकच आहे आणि कामं पुष्कळ.

येत्या २१ तारखेला मंगळवारी मी अकोल्याला येणार आहे, तिथल्या कॉलेजातून काचेच्या नळ्या उसन्या आणायला. दुपारी स्टँडवर असेन. बार्शीटाकळी काही लांब नाही. हे आपलं सहज सांगितलं.

सत्यवती

राजापेठ, अमरावती
२४ मे १९६३

ती. आईंस जयभीम.

"पाळना रिकामा हलवू नको. पोट्टीले बाधते."

हे कार्ड मात्र तुमचं. शकुनने फक्त हात चालवला आहे. मी ते दोनदा वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रागावलात का होईना, बोललात तरी.

पण बातमी कोणी पोचवली, तेही मला कळलं आहे. गोदाबाईंचे मालक खुशालराव भाजीची गाडी घेऊन तिकडे येतात, आणि गोदाबाई त्यांच्याबरोबर कांद्यांपेक्षा जास्त बातम्या पाठवतात. मी पाळणा हलवताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "बापा, काहून हलवून राहिली वं रिकामा पाळना?" मी म्हटलं, रिकामा नाही, बाटल्या आहेत. तर म्हणाल्या, "मंग तं अजूनच वाईट."

आई, गोदाबाईंचं मी समजू शकते. तुमचं नाही. छप्पन साली तुम्ही देव्हारा नदीत सोडून आलात. मंगळवार, गुरुवार सोडले. विशूच्या वेळी मला ग्रहण पाळायला सांगणाऱ्या बाईला तुम्ही दारातूनच हाकललं होतंत, मी स्वतः पाहिलं आहे. ते सगळं गेलं आणि पाळणा तेवढा राहिला?

आता अकोल्याचं. स्टँडवर शकुन आली. हातात लोणच्याची बरणी, विशूसाठी कुंची. शकुन, आता हे वाचताना आवाज बारीक करू नकोस. तू मला सांगितलंस, "आई येतो म्हने. लुगडं बी बदललं. गाडीपाशी आली अन् म्हने, मी नाही येत, तू जाय." मी पुढची गाडीही सोडली, न जाणो त्या दुसऱ्या गाडीने येतील म्हणून. काचेच्या नळ्या मांडीवर घेऊन उन्हात बसले होते. स्टँडवरचा एक म्हातारा म्हणाला, "बांगड्या विकून राहिली का बाई?"

कुंची फार छान आहे. टाके तुमचे आहेत, शकुनचे इतके बारीक नसतात. या उन्हात कुंची कोण घालतं, असं तुम्हाला विचारावंसं वाटलं, मग वाटलं, हिवाळ्यापर्यंत येणार नाही असं ठरवूनच शिवली असेल. ते मला आवडलं नाही.

बाकी ठीक. विशू बरी आहे. पत्र लहान आहे, कारण हात मोकळा नाही.

सत्यवती

राजापेठ, अमरावती
११ जून १९६३

ती. आईंस जयभीम.

खुशालरावांनी तुम्हाला सांगितलंच असेल, तरी मी सांगते. विशूला ताप आला होता. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही ती माझ्या खांद्यावर होती. "विशू बरी आहे" असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं. आता खरं आहे. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा ताप आहे, पाणी पाजत राहा. ते डब्यातलं ग्लुकोज तिला पाजलं, माझ्या यीस्टच्या वाट्याचं सगळं. ताप उतरला. आता ती पुन्हा गोदाबाईंच्या पाकळ्या खाते.

ताप पाळण्यामुळे आला नाही. हे मला माहीत आहे. तरी ती तापात असेपर्यंत मी पाळणा हलवला नाही. मी बी.एस्सी. झाले आहे, कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर आहे, मुलांना सूक्ष्मदर्शक कसा धरायचा ते शिकवते, आणि मी पाळणा हलवला नाही. दोरीला हात लावला की तुमचं कार्ड आठवायचं. शकुनने हे मोठ्याने वाचलं तरी चालेल.

त्यामुळे त्या खेपेच्या बाटल्या वाया गेल्या. नंतरची खेप मी पुन्हा लावली, तर मध्येच थांबत थांबत हलवल्यामुळे दोन्ही बाटल्यांचे आकडे एकमेकांत मिसळले. वानखडे सरांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. जुलैअखेर दोन खेपा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, म्हणाले. नाहीतर माझं नाव एम.एस्सी.च्या यादीतून जाईल, आणि डेमॉन्स्ट्रेटरची जागा दुसऱ्या कोणाला. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

हे म्हणतात, "एक वर्ष थांब. पोरगी मोठी होऊ दे." यांचा आवाज किती गरीब असतो तुम्हाला माहीत आहे, रागावताही येत नाही. पण आई, एक वर्ष म्हणजे काय, हे मला कळतं. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघीजणी एकेक वर्ष थांबल्या होत्या. त्या अजून थांबलेल्याच आहेत.

तुम्ही मला बघायला आलात तेव्हाचं आठवतं? माझ्या आईने चहा ठेवला होता आणि मी दाराआड उभी. सगळ्या बायका विचारतात सैपाक येतो का, शिवण येतं का. तुम्ही विचारलंत, "अजून किती सालं शिकाचं रायलं इचं?" वडील घाबरून म्हणाले, झालं आता, हे शेवटचं. तर तुम्ही म्हणालात, "काहून शेवटचं? पुढं नाही का काही?" मी त्या दिवशी दाराआडूनच ठरवलं की याच घरी जायचं. यांना तर मी नीट पाहिलंही नव्हतं. शकुन, हे तुझ्या भावाला सांगू नकोस.

आता एक गोष्ट सरळ सांगते, म्हणजे तुम्ही काय ते ठरवा. भरपूर ग्लुकोज दिलेल्या बाटलीत दारू होते. कितीही हलवलं तरी थोडी होतेच. थोड्या ग्लुकोजच्या बाटलीत जवळजवळ नाही. मी नुसती दुसरीच बाटली घरी आणली असती आणि तुम्हाला म्हटलं असतं, बघा, वास नाही. पण दोन्हींशिवाय तुलना नाही, आणि दोन्ही एकाच पाळण्यात हलल्याशिवाय ती खरी नाही. तेव्हा या घरात ते राहणारच. तुम्हाला परत आणण्यासाठी मी खोटं लिहिणार नाही.

तुम्ही या, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण पाळणा हलवायला माणूस लागतो म्हणून मी हे लिहिते, असंही समजू नका. माणूस गोदाबाईंनीही शोधून दिला असता. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर "काय मारले आज तीर?" असं कोणी विचारत नाही. मी काय मारले ते मी विशूला सांगते, ती माझं नाक ओढते. आई, मला तुमच्याशिवाय करमत नाही. हे मला तोंडावर म्हणता आलं नसतं, पत्र आहे म्हणून म्हटलं.

या खेपेपुरतं करून बघते. नाही जमलं तर महिनाअखेरीस कॉलेजातल्या माझ्या कपाटाच्या किल्ल्या सरांना देऊन येईन.

तुमची,
सत्यवती

राजापेठ, अमरावती
२८ जुलै १९६३

प्रिय शकुन, जयभीम.

हे पत्र तुला आहे, आणि वाचून दाखवायला तिकडे आता आई नाहीत, म्हणून मोकळं लिहिते.

आई आल्या तेव्हाचं तुला सांगायचं राहून गेलं आहे. खुशालरावांच्या गाडीतून उतरल्या, वांग्यांच्या पोत्यावर बसून आल्या होत्या. पाय धुतले, विशूला उचललं, तिच्या तोंडातून झेंडूची पाकळी काढली, आणि मला विचारलं, "कुठं हाय थे?" मी पाळण्याकडे बोट केलं. त्यांनी बोळा काढला, बाटली नाकाशी नेली आणि डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पुन्हा मोरी.

बोळा परत लावला. मग बोलल्या. "मी सपत घेतली का पेनार नाही. हुंगनार नाही असं कोन म्हटलं?"

नंतर अटी सांगितल्या. मोजून झालं की बाटल्या ओतायचं काम त्यांचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि पाळणा रिकामा हलणार नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून चिंध्यांची बाहुली काढली आणि दोन बाटल्यांच्या मध्ये निजवली. मी वानखडे सरांना बाहुलीचं सांगितलं नाही. दोन्ही बाटल्यांना ती सारखीच लागते, तेव्हा हिशेबात धरायचं कारण नाही.

शकुन, त्या बसतात. मी कॉलेजात जाते, येते, त्या बसलेल्याच असतात, मांडीवर विशू आणि हातात दोरी. पाळणेही म्हणतात, बाबासाहेबांचे, तेही सगळी कडवी. एकदा दुपारी त्यांचा डोळा लागला आणि पाळणा थांबला. मला त्यांनी ते आपण होऊन सांगितलं नसतं, गोदाबाईंनी सांगितलं. ती खेप मी टाकून दिली. आई दिवसभर गोदाबाईंशी बोलल्या नाहीत.

पहिली चांगली खेप झाली तेव्हा मी त्यांना घरीच स्टोव्हवर करून दाखवलं. दोन नळ्या, दोन्हींत निळं औषध. पोटभर ग्लुकोजवाल्यांची नळी निळीच राहिली, जरा कुठे मातकट झाली असेल. उपाशी ठेवलेल्यांची बघता बघता लाल झाली, खाली विटेचा गाळ बसला. मी म्हटलं, बघा आई, यांनी काम केलं. त्यांनी लाल नळीकडे पाहिलं, निळ्या नळीकडे पाहिलं. "निळं काहून घालवलं वं? चांगलं जयंतीच्या झेंड्यावानी होतं." मी हसून हसून स्टोव्हच विझवला. मला इतक्या महिन्यांत हसायला आलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे बाटल्या त्यांनी ओतल्या. बाह्या सरसावून, एकेक बाटली उपडी करून, वर पाणी, शेवटी राख. इतक्या आनंदाने मोरीत काही ओतणारा माणूस मी पाहिलेला नाही.

काल वानखडे सरांनी दोन्ही खेपांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. एकेका आकड्यावर पेन्सिल टेकवत खालपर्यंत गेले. मग म्हणाले, "जुळतात. लिहायला घ्या." माझं नाव यादीत राहिलं. हे काल रात्रीच आले, त्यांना सांगितलं, तर एवढंच म्हणाले, "मग किल्ल्या नको द्यायला," आणि जाऊन पेढे घेऊन आले. गरीब आवाजाचा माणूस, पण पेढे मोठे आणले.

आता आई म्हणतात, त्यांना तुला काही सांगायचं आहे, आणि मी त्यांच्या शब्दांत जसंच्या तसं लिहावं, गाळू नये. "तुमी दोघी बी गाळता," म्हणाल्या. तेव्हा इथून पुढे त्या बोलतात, माझा फक्त हात.

शकुन, माह्या पोरी, जयभीम. मी इकडं बरी हाय. तू लोनच्याची बरनी वापस मांगू नको, तुह्या वयनीनं तिच्यात काय भरलं मले माहीत नाही.

तुह्या घरी आली तवा तू मले इचारलं, काहून आली? मी म्हटलं, वास सहन नाही झाला. थे खरं हाय, पन अर्धंच हाय.

तुह्या बापाचं तुले आठवते. आंधी कसा होता थे बी आठवते. सांज झाली का आपून दोघी त्याची चाहूल घेत बसो. वास आंधी ये, मंग मानूस. नागपूरहून आल्यावर त्यानं थेंब नाही घेतला. मानूस तोच होता, हात तेच होते, पन हात उचलला नाही कधी. तुह्या लग्नात पाहुन्याईले पानी वाढलं त्यानं. दोन सालं बी नाही भरली अन् गेला.

तं त्या दिवशी मी पोट्टीले निजवून राहिली होती. वयनी कालेजात. खोलीत थो वास आला. मले काही बाटल्या-बिटल्या आठवल्याच नाहीत. मले वाटलं, तुहा बाप आला. आंधी भेली. पोट्टीले पदराखाली घेतलं, दाराकडं पाह्यलं. कोनी नाही आलं. अन् मंग माह्या मनात आलं, येऊ दे. पेऊन आला तं पेऊन आला. येऊ दे एक डाव.

नागपूरले सपत घेतलेली बाई मी, अन् माह्या मनात असं आलं. त्याची लाज वाटली मले. म्हून ओतलं अन् निंगाली. तुह्या वयनीचा राग नव्हता. तिनं चार पत्रं ल्हिली, भांडून भांडून ल्हिली, तरी मी तिले सांगतलं नाही. आता तिच्याच हातानं सांगून राहिली.

ल्हिय वं. काहून थांबली? ल्हिय.

आता तो वास आला का मी भेत नाही. हुंगतो, मोजू देतो, अन् माह्या हातानं ओततो.

बाकी काही नाही. पाळना थांबला हाय, हलवाले जातो.

तुही आई,
जाईबाई